तीन अक्षरांची पत

डॉक्टरांच्या स्मरणिकेत जाहिरात आणि व्यापारनामे या विषयावर लेख कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. आपल्या व्यवसायाला स्वतःची जाहिरात वर्ज्य. दवाखान्याची पाटी किती मोठी असावी इथपासून आपल्यावर बंधने. त्यामुळे ब्रँड, बाजारपेठ, ग्राहकमानस हे शब्द आपण व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांसाठी सोडून दिलेले आहेत. तथापि ऑक्टोबर २०२५ मध्ये वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर जी बातमी झळकली, ती एकाच वेळी बालरोगचिकित्सेची आणि ब्रँडशास्त्राची होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर रोजी आदेश काढला, की 'ओआरएस' ही तीन अक्षरे यापुढे कोणत्याही खाद्यपेयाच्या नावात वापरता येणार नाहीत. त्यांच्या मागे वा पुढे आणखी एखादे अक्षर जोडूनही नाही. या आदेशामागे आमच्या हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांची सुमारे आठ वर्षांची झुंज होती, ही गोष्ट आम्हा हैदराबादकर डॉक्टरांना विशेष अभिमानाची.

ज्यांनी ही बातमी ओझरती वाचली असेल त्यांच्यासाठी वस्तुस्थिती थोडक्यात सांगतो. औषधांच्या दुकानांत रंगीत टेट्रापॅकमधून फळांच्या चवीची काही पेये मिळत असत. त्यांच्या नावांत 'ओआरएस' ही अक्षरे ठळक असत. ती पेये औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून परवाना घेतलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. एकूण ऑस्मोलॅरिटी २४५. बाजारातल्या काही पेयांत मात्र लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर साखर होती. आपण विद्यार्थिदशेत केलेले गणित येथे पुन्हा करून पाहावे. सुक्रोजचा रेणुभार ३४२. शंभर ग्रॅम म्हणजे सुमारे २९२ मिलिमोल. आतड्यात त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे विघटन झाले की संख्या दुप्पट, म्हणजे ५८० च्या पुढे. रक्तद्रवाचा आकडा २९० च्या आसपास. जुलाबाने कोमेजलेल्या बालकाच्या आतड्यात असे द्रावण गेले तर पाणी कोणत्या दिशेला ओढले जाईल, हे डॉक्टरांना सांगण्याची आवश्यकता नाही.

मला येथे रस आहे तो त्या साखरेपेक्षा त्या तीन अक्षरांत. व्यापारी भाषेत ज्याला 'ब्रँड इक्विटी' म्हणतात त्याला आपल्या पेढ्यांवरच्या भाषेत सरळ साधा शब्द आहे, पत. पेढीची पत तीन पिढ्यांत जमते, ही गोष्ट आपले आजोबा जाणत होते. 'ओआरएस' या नावाची पत कोणी जमवली? आश्चर्य असे की, ती कोणत्याही पेढीने जमवलेली नाही.

१९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले तेव्हा शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण कलकत्त्यात पुड्यांत भरवून घेतले, छावणीत ते पाण्यात कालवून नळाच्या पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेला दिला. मृत्युप्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. ग्लुकोजबरोबर सोडियम व पाणी शोषले जाते हे शास्त्र पूर्वीच सिद्ध झालेले होते, आणि १९६८ मध्ये डाक्का येथे नलिन व कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर त्याचा प्रयोगही केलेला होता. परंतु चिखलात, डॉक्टरांवाचून, आईबापांच्या हातून ते चालते, हे बनगावने दाखवले. 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये या शोधाचा गौरव या शतकातील वैद्यकाची कदाचित सर्वांत महत्त्वाची प्रगती अशा आशयाच्या शब्दांत केला. डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

जाहिरातशास्त्राच्या दृष्टीने बनगावच्या कथेतील एक बारीकसा तपशील मला फार मोलाचा वाटतो. छावणीतल्या लोकांना 'सलाइन' हा शब्द ठाऊक होता. सलाइन म्हणजे बाटली, सुई, इस्पितळ, म्हणजेच खरा उपचार. साखर-मिठाच्या पाण्यावर कोणाचा विश्वास बसणार? म्हणून डॉ. महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाण्याला 'ओरल सलाइन' म्हटले. जुन्या, विश्वासार्ह शब्दाच्या खांद्यावर नवी गोष्ट बसवली. यात उसनवारी होती, पण फसवणूक नव्हती. कारण शिरेतले सलाइन जे करते तेच हे पाणी तोंडावाटे करत होते. पुढे बांगलादेशात 'ओरसॅलाइन' याच नावाने पुड्या घरोघर पोहोचल्या.

त्याच देशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात केलेला प्रचार तर कोणत्याही जाहिरातसंस्थेने पाठ्यपुस्तक म्हणून अभ्यासावा असा आहे. संस्थेच्या कार्यकर्त्या सुमारे एक कोटी वीस लाख घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण आईकडून प्रत्यक्ष करवून घेतले. येथे एक व्यवहारी युक्ती होती. कार्यकर्तीचे वेतन तिने किती घरे पालथी घातली यावर अवलंबून नव्हते. काही काळाने दुसरा पर्यवेक्षक येई, काही घरे निवडून आईला प्रश्न विचारी, आणि तिच्या लक्षात किती राहिले यावर कार्यकर्तीचे पैसे ठरत. आपल्याकडे प्रचारमोहिमा भित्तिपत्रके किती छापली यावर मोजल्या जातात. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तरीही आरंभी एक गंमत झाली. आयांना सर्व पाठ होते, पण मुलाला जुलाब झाले म्हणजे फारच थोड्या जणी ते पाणी पाजत. शोध घेतला तेव्हा दोन कारणे सापडली. घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. आणि खुद्द कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग कार्यकर्त्यांना डाक्क्याच्या पटकी रुग्णालयात नेऊन त्या पाण्याची किमया डोळ्यांनी दाखवली, आणि पुरुषांसाठी मशिदींत, बाजारांत, शाळांत सभा घेतल्या. विकणाऱ्याचा मालावर विश्वास नसेल तर खरेदीदाराला त्याचा वास येतो, हे यावरून ध्यानात येते. वाचकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याचा आपल्याशीच संबंध येणार आहे.

तर अशा रीतीने, सरकारी केंद्रे, युनिसेफच्या पुड्या, शाळेतली भित्तिपत्रके, आकाशवाणी-दूरदर्शन आणि हजारो डॉक्टर-परिचारिका यांनी पन्नास वर्षांत या नावाची पत जमवली. हे नाव कोणाचे नाही, म्हणूनच सर्वांचे. गावाच्या गायरानासारखे. गायरानाला कुंपण नसते, आणि राखणदारही नसतो. पॅरासिटामॉलसारखी आंतरराष्ट्रीय मूळ औषधनामे कोणालाही व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येऊ नयेत, अशी तरतूद १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. परंतु 'ओआरएस' हे एका संयुगाचे नाव नव्हे, मिश्रणाच्या सूत्राचे संक्षिप्त रूप आहे. तेवढ्या फटीतून जनावरे आत शिरली.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. नियामकाने एप्रिल २०२२ मध्ये या अक्षरांच्या वापरास प्रथम मनाई केली. परंतु जुलै २०२२ मध्ये स्वतःच सवलत दिली, की हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस सूत्र नव्हे, असा खुलासा वेष्टनावर छापल्यास ती अक्षरे व्यापारचिन्हात चालतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यास पुन्हा दुजोरा मिळाला. म्हणजे जे चालले होते ते राजरोस, परवानगीनिशी. ऑक्टोबर २०२५ चा आदेश म्हणजे या दोन्ही परवानग्यांची माघार.

पण त्या खुलाशाच्या व्यवस्थेतच सारी मेख आहे. डब्याच्या दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत एक गोष्ट सांगायची आणि बारीक अक्षरांत तीच नाकारायची! ब्रँडचे सामर्थ्यच असे, की ग्राहकाला वाचण्याचे श्रम पडू नयेत. रंग, आकार, अक्षरे दिसली की हात पुढे झाला पाहिजे. मग ज्या वेष्टनाची सारी रचना न वाचता खरेदी व्हावी यासाठी झालेली असते, त्यावरचा खुलासा वाचला जाईल असे गृहीत धरणे हा शुद्ध भाबडेपणा म्हणावा, की आणखी काही? माझ्याकडे काचीगुड्याहून नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी पिशवीतून असाच डबा काढून दाखवला होता. "तुम्हीच फोनवर ओआरएस म्हणालात ना डॉक्टर, तेच पाजतेय कालपासून," असे त्या म्हणाल्या. त्यांना चष्मा होता, मराठी-तेलुगू दोन्ही वाचता येत होते. खुलासा इंग्रजीत होता. डबा कोणाचा होता हे गौण आहे. त्या काळी असे डबे अनेकांचे होते.

याहून प्रभावी जाहिरात म्हणजे जागा. हीच पेये किराणा दुकानात सरबतांच्या शेजारी असती तर कोणी ती जुलाबावरचे औषध मानली नसती. औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर, तापाच्या गोळ्यांशेजारी ठेवलेला डबा न बोलता औषध होतो. माल कुठे ठेवला आहे हे ग्राहकाला अर्धे सांगून जाते. हे तत्त्व आपल्या मंडईतल्या भाजीवाल्यांनाही ठाऊक असते.

या प्रकरणातील सर्वांत विलक्षण योगायोग आता सांगतो. या पेयांपैकी सर्वांत परिचित 'ओआरएसएल' हे नाव ज्या कंपनीकडे होते, ती जेएनटीएल कन्झ्युमर हेल्थ, म्हणजे अमेरिकेतील केनव्ह्यू या कंपनीची भारतीय शाखा. केनव्ह्यू ही २०२३ पर्यंत जॉन्सन अँड जॉन्सनचाच ग्राहकोपयोगी विभाग होती. आणि ब्रँडची पत कशी राखावी याचे जगभर शिकवले जाणारे उदाहरण याच घराण्यातले आहे, ते म्हणजे टायलेनॉलचे. सप्टेंबर १९८२ च्या अखेरीस शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणा अज्ञात दुष्टाने सायनाइड भरले. सात माणसे दगावली. कंपनीचा कारखान्यात काहीही दोष नव्हता. तरीही जेम्स बर्क यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात. वेदनाशामकांच्या बाजारातला तिचा वाटा पस्तीस टक्क्यांहून अधिक होता, तो आठ टक्क्यांच्या खाली घसरला. नोव्हेंबरमध्ये तिहेरी सील केलेली बाटली बाजारात आली आणि वर्षभरात बहुतेक गमावलेले स्थान परत मिळाले. औषधाच्या बाटलीवर आज जे सील आपण निष्काळजीपणे फाडतो त्याचा प्रसार तेथून झाला. या कंपनीच्या १९४३ सालच्या सुप्रसिद्ध प्रतिज्ञापत्रात पहिली बांधिलकी डॉक्टर, परिचारिका आणि माता यांच्याशी सांगितलेली आहे. भागधारक शेवटी येतात.

२०२५ मध्ये मात्र भारतात आदेश निघाल्यावर जेएनटीएलने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि १७ ऑक्टोबर रोजी तात्पुरता दिलासा मिळवला, की प्राधिकरणाने कंपनीचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि तोवर तिच्याबाबत आदेश लागू करू नये. महिनाअखेर डॉ. रेड्डीज या आमच्या शहरातील मातब्बर कंपनीने अशाच एका पेयासाठी केलेल्या याचिकेत न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. न्यायालयात जाणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण १९८२ आणि २०२५ शेजारी शेजारी ठेवली की विचार करावासा वाटतो. माझ्या मते दोन प्रसंगांत मूलभूत फरक असा: १९८२ मध्ये विष बाहेरून आले होते. माल परत मागवल्याने नाव उजळणार होते. येथे आक्षेप खुद्द नावावरच होता. नाव सोडले तर व्यापारात उरते काय? सरबत. उदारपणा दाखवणे तेव्हा खर्चाचे होते, पण अर्थपूर्ण होते. येथे उदारपणा म्हणजे मुद्दलच सोडणे. टायलेनॉलचा धडा शिकवणारे प्राध्यापक या फरकाबद्दल विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतात.

याच सुमारास, सप्टेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणात टायलेनॉल घेण्याविरुद्ध भाषण केले, केनव्ह्यूचा समभाग कोसळला आणि नोव्हेंबरमध्ये किम्बर्ली-क्लार्कने ती कंपनी सुमारे ४९ अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली. एका बाजूस पुराव्यावाचून बदनाम झालेले नाव, दुसऱ्या बाजूस दुसऱ्याच्या पुण्याईवर चाललेले नाव. एकाच घरात, एकाच ऋतूत.

'हेल्थ ड्रिंक' या शब्दाचेही असेच झाले. अन्नविषयक कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही. तरी पिढ्यान् पिढ्या दुधात घालावयाच्या गोड भुकट्या त्या नावाने विकल्या गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या वर्गवारीतून अशी पेये काढण्यास सांगितले. त्यावर अधिक लिहीत नाही, कारण माझे स्वतःचे बालपण त्या भुकट्यांवर पोसलेले आहे.

आता आपल्याकडे वळू. आम्ही डॉक्टरमंडळी ही या बाजारपेठेतील प्रेक्षक नव्हे, पात्रे आहोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्नाटक आणि बिहारमधील २५३ शहरांत दोन हजारांहून अधिक चिकित्सकांकडे प्रशिक्षित व्यक्ती पालक बनून गेल्या आणि मुलाला जुलाब होत असल्याचे सांगितले. ओआरएस का लिहून दिले जात नाही, हे शोधायचे होते. पुड्यांचा तुटवडा? त्याचा वाटा सहा टक्के. दुसऱ्या औषधांतला आर्थिक लाभ? पाच टक्के. सर्वांत मोठे कारण, बेचाळीस टक्के, हे की चिकित्सकाला वाटत होते पालकांना ओआरएस नकोच असते. ज्या पालकांनी पुडीचे चित्र दाखवून ते आधी वापरल्याचे सांगितले, त्यांच्या बाबतीत ते लिहून देण्याचे प्रमाण सत्तावीस टक्के-बिंदूंनी वाढले. ब्रॅकच्या कार्यकर्त्यांची आठवण येथे व्हावी. मालावर विश्वास नसलेला विक्रेता गावोगाव बसला आहे, आणि त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी ६०.६ टक्क्यांनाच ओआरएस मिळाले होते. उरलेल्यांचा हिशेब केवळ टेट्रापॅकच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आणखी एक अप्रिय बाब. ही पेये लोकप्रिय झाली ती नुसत्या नावामुळे नव्हे. एक लिटरची पुडी, उकळून गार केलेले मोजून एक लिटर पाणी, चोवीस तासांत संपवायचे, चव खारट-तुरट. हे सारे रात्री दोन वाजता, ओकणारे मूल मांडीवर घेऊन. अनेक घरांत लिटरचे भांडेच नसते. मग अर्धी पुडी पेलाभर पाण्यात पडते, आणि तीही घातक. टेट्रापॅकने नेमका हा प्रश्न ओळखला होता: फोडा आणि पाजा. सूत्र चूक होते, पण निदान बरोबर होते. आपले सूत्र बरोबर होते आणि आपण पालकांच्या अडचणीचे निदान कधी केलेच नाही. दोनशे मिलिलीटरच्या पुड्या कितीतरी वर्षे उपलब्ध आहेत. किती जण त्या आवर्जून लिहितात? अधिकृत सूत्राचे तयार द्रावणही औषध म्हणून परवाना घेतलेल्या स्वरूपात मिळते.

मार्च २०२४ मध्ये औषध विपणनासाठी नवी आचारसंहिता आली, भेटवस्तूंवर आणि सहलींवर निर्बंध आले. ही स्मरणिका ज्या जाहिरातींच्या पानांवर निघते ती पाने मात्र अजून निषिद्ध झालेली नाहीत, आणि संपादकमंडळाने मला या वाक्यावर कात्री लावू नये अशी विनंती आहे.

आजींना मी काय केले, असे काहींना विचारावेसे वाटेल. त्यांच्या डब्यावरचा साखरेचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला, दोनशे मिलिलीटरची पुडी मागवली, आमच्या टेबलावरचा पेला खुणेपर्यंत भरून त्यांच्याच हातून ती कालवून घेतली. नातवाने तोंड वाकडे केले, मग प्यायला. हल्ली मी चिठ्ठीवर नुसते 'ओआरएस' लिहीत नाही. पुढे 'पुडी, २०० मिली पाण्यासाठी, जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र' असे लिहितो, आणि खाली तेलुगूत तेच पुन्हा. दुकानदार कुरकुरतो, की एवढे कोण वाचणार. तो वाचतो, म्हणूनच कुरकुरतो.